पाच खिडक्या आणि दोन चिक

शनिवार, ८ मार्च

मुलगा-सून २८ तारखेला पुण्याहून येताहेत, पाडव्याला इथेच असतील. नात आता चौदा महिन्यांची आहे. धरून धरून चालते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते, असं सून फोनवर म्हणाली. आज दुपारी तिरपं ऊन आत आलं होतं तेव्हा हॉलमधल्या ब्लाइंडची, म्हणजे पट्ट्यांच्या पडद्याची, साखळी सहज ओढली, तर उन्हाच्या पट्ट्यात धूळ अशी उसळली की मी मागे सरले. हीच हवा ती पोर श्वासात घेणार. तेव्हाच ठरवलं, यंदा पाडव्याची साफसफाई खिडक्यांपासून सुरू करायची आणि काय केलं ते रोज लिहून ठेवायचं. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, प्रयोगवहीची सवय अजून सुटलेली नाही.

ग्वाल्हेरला धूळ नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत सूक्ष्म कणांच्या बाबतीत आपलं शहर जगात दुसरं होतं, इराणमधल्या झाबोलच्या खालोखाल. पीएम २.५ ची, म्हणजे याच सूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. तो आकडा घरात कुठे जाऊन बसतो, हे मात्र पट्ट्यांवरून बोट फिरवलं तेव्हा दिसलं. आडवी पट्टी म्हणजे धुळीसाठी मांडलेली फळीच.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आमचं घर तसं जुनं, वरचा मजला मुलाने नवा करून घेतलेला. ब्लाइंड्स त्यानेच बसवले. हॉलची खिडकी रस्त्यावर, तिला कापडाच्या उभ्या बावीस पट्ट्या. आमच्या खोलीत दोन खिडक्या, अ‍ॅल्युमिनियमच्या एक इंची आडव्या पट्ट्या. स्वयंपाकघरात तसाच एक. सासऱ्यांच्या खोलीत, जी आता नातीसाठी मोकळी केली आहे, त्यांनीच नव्वदच्या दशकात बसवून घेतलेला प्लास्टिकचा पांढरा ब्लाइंड. आणि खाली ओसरीत दोन चिक, बांबूच्या काड्यांचे पडदे, निळ्या कापडाचं अस्तर लावलेले. चिक आईंच्या म्हणजे सासूबाईंच्या ताब्यात. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आज एवढंच केलं, की जुन्या पांढऱ्या धोतराचे पाच तुकडे फाडले आणि प्रत्येक ठिकाणी एकेक कोरडा तुकडा फिरवून पाहिला. हॉलच्या तुकड्यावर राखाडी, सुटी धूळ, झटकली तर पडणारी. आमच्या खोलीच्या तुकड्यावरही तीच, जरा तपकिरी. स्वयंपाकघराच्या तुकड्यावर पिवळट चिकट मेण. सासऱ्यांच्या खोलीतल्या तुकड्यावर खडूसारखी पांढरी भुकटी, ही धूळ वाटत नाही. चिकावर तांबूस माती आणि कोळ्याची जाळी. घर एकच, मळ मात्र चार जातींचा. तुकड्यांवर पेन्सिलीने जागा लिहून ते वहीत टाचले आहेत.

रविवार, ९ मार्च

आमच्या खोलीतला पहिला ब्लाइंड. ह्यांचं म्हणणं, सगळा काढून गच्चीवर नेऊ आणि पाइपने धुऊ, अर्ध्या तासात काम. मलाही पटलं. वरच्या पेटीच्या दोन्ही टोकांच्या कंसांची झाकणं उघडली की ब्लाइंड सरळ पुढे ओढून निघतो, तो भाग सोपा होता. जिन्यात मात्र वळताना खालचा दांडा ह्यांच्या हातून सुटला, पट्ट्या पंख्यासारख्या उलगडल्या आणि तीन पट्ट्या कठड्याला लागून दुमडल्या. अ‍ॅल्युमिनियमची इतकी पातळ पट्टी एकदा दुमडली की परत सरळ होत नाही, घडीची रेघ राहतेच.

गच्चीवर दुसरी चूक झाली, ती माझी. धूळ न झटकता थेट पाणी मारलं. कोरडी होती तोवर ती धूळ होती, पाणी पडल्याबरोबर चिखल झाली. पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात त्या फटीत आणि शिडीसारख्या दोऱ्यांमध्ये तो चिखल जाऊन बसला. मग प्रत्येक पट्टी वेगळी धरून साबणाच्या पाण्याने पुसावी लागली. मोजल्या, सत्तावन्न. दोन्ही बाजू धरल्या तर एकशे चौदा. वरच्या पेटीतही पाणी शिरलं. पट्ट्या फिरवायचा दांडा आणि त्याचा दाता त्या पेटीत असतो, तिथे गंज धरू नये म्हणून पेटी उलटी करून तासभर उन्हात ठेवली.

अर्ध्या तासाचं काम साडेतीन तास चाललं. संध्याकाळी वाळल्यावर पाहिलं, तर सगळ्या पट्ट्यांवर पांढरे ठिपके. पाणी बोअरचं होतं.

मंगळवार, ११ मार्च

ठिपके म्हणजे क्षार. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, पाणी उडून जातं आणि हे मागे राहतं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात पिळलेलं फडकं फिरवलं, ठिपके विरघळले. व्हिनेगर तसंच ठेवायचं नाही, कारण आम्ल धातूला आणि रंगाला बरं नाही. लगेच साध्या पाण्याचं दुसरं फडकं, मग कोरडं तिसरं. या वेळी पाणी सकाळी नळाला आलेलं, तिघऱ्याचं, बादलीत भरून ठेवलेलं. तिघरा धरण १९१६ सालचं, शहर अजून त्याच्यावर तहान भागवतं. त्या पाण्याने ठिपके पडले नाहीत. शेवटचं पाणी कायम नळाचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मग दुसरी खिडकी. ती जागेवरून हलवलीच नाही. काठी फिरवून पट्ट्या पूर्ण खाली मिटवल्या, म्हणजे कौलांसारख्या एकमेकींवर बसल्या आणि सपाट पाटी तयार झाली. मऊ केसांचा ब्रश लावून व्हॅक्यूम क्लीनर वरून खाली, नेहमी वरून खाली. मग पट्ट्या उलट्या बाजूने मिटवल्या आणि परत तेच. त्यानंतर अर्धवट उघडल्या, ह्यांचा जुना सुती पायमोजा हातात घातला, किंचित ओला केला आणि एकेक पट्टी दोन बोटांच्या चिमटीत धरून मधून टोकाकडे नेली. एका ओढीत वरची आणि खालची बाजू दोन्ही निघतात. डावा हात पलीकडच्या टोकाला ठेवायचा, नाहीतर पट्टी वाकते.

पन्नास मिनिटांत संपलं. एकही पट्टी वाकली नाही.

हात चालू असताना मनात येत होतं, हे काम बायका किती वर्षं करत असतील. आडव्या पट्ट्यांच्या या ब्लाइंडला व्हेनिशियन म्हणतात. लंडनमध्ये एडवर्ड बेव्हन नावाच्या माणसाने त्याचं पेटंट घेतलं १७६९ साली. पानिपताला तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि लष्कर शहर वसायलाही अजून चाळीसेक वर्षं होती. तिकडे तेव्हा पट्ट्या लाकडाच्या होत्या, पुसायला चिंधीच असणार.

बुधवार, १२ मार्च

दुमडलेल्या तीन पट्ट्या बदलल्या. तयार ब्लाइंड खिडकीपेक्षा थोडा लांब येतो, त्यामुळे खाली चौकटीवर पाच-सहा जास्तीच्या पट्ट्या नुसत्या साचून असतात. त्यातल्या तीन वर घेतल्या. खालच्या दांड्याची प्लास्टिकची गुंडी काढली, आतली गाठ सोडली, ओढायची दोरी वाकड्या पट्टीच्या वरपर्यंत उपसली, पट्टी बाजूने सरकवून बाहेर, चांगली आत. मग दोरी परत ओवायची. शिडीच्या आडव्या दोऱ्यांच्या एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, अशी एकाआड एक. हे चुकलं तर पट्ट्या पुढे घसरतात. माझं पहिल्यांदा चुकलं, परत उपसलं.

वाकड्या पट्ट्या टाकल्या नाहीत. त्यांचे कात्रीने वीतभर तुकडे केले. पुढे कोणतंही द्रावण आधी या तुकड्यांवर.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

सकाळी हॉलची खिडकी उघडी राहिली. गल्लीतली मुलं जिन्याखाली रंग खेळत होती, कोणीतरी वर मूठ फेकली आणि गुलाल थेट उभ्या पट्ट्यांवर. चार पट्ट्या गुलाबी. घाईत हाताला लागलं ते ओलं फडकं घेतलं आणि पुसलं.

पुसायला नको होतं. रविवारी चिखल केला होता, तो धडा पाच दिवसांत विसरले. आजकालचा गुलाल म्हणजे बहुतेक मक्याचं पीठ आणि त्यात रंग. कोरडा असतो तोवर कापडावर नुसता बसलेला असतो, झटकला की पडतो. पाणी लागलं की पीठ फुगतं आणि रंग सुटून धाग्यात शिरतो. ज्या दोन पट्ट्या पुसल्या त्यांच्यावर हातभर लांब गुलाबी फराटे उमटले. उरलेल्या दोन तशाच सोडल्या. ह्यांनी हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून खिडकीकडून आतल्या दिशेने, म्हणजे पट्टीच्या मागच्या बाजूने, वारा दिला. मी खाली वर्तमानपत्र धरलं. मग मऊ ब्रश. नव्वद टक्के गुलाल कागदावर आला आणि त्या दोन पट्ट्यांवर काहीच राहिलं नाही. शेजारी शेजारी लटकणाऱ्या एकाच कापडाच्या चार पट्ट्या, दोन स्वच्छ आणि दोन डागाळलेल्या, फरक फक्त पाण्याचा. वर्गात दाखवायला इतका चांगला प्रयोग मला कधी मिळाला नव्हता.

शनिवार, १५ मार्च

उभ्या पट्ट्या धुतल्या. आधी सगळ्या बावीस पट्ट्यांवरून कोरडा ब्रश, दोन्ही बाजूंनी. मग खालची मण्यांची साखळी सोडवली. ती प्रत्येक पट्टीच्या तळाशी असलेल्या वजनाच्या चकतीला अडकवलेली असते. चकत्या खिशातून सरकवून काढल्या, त्या कपड्यासारख्या भिजवायच्या नाहीत. वरच्या आकड्यातून पट्टी काढताना ती थोडी वर उचलून बाजूला घ्यायची. सरळ खाली ओढली तर वरचं प्लास्टिकचं भोक फाटतं. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाकला.

चार-चार पट्ट्या सैल गुंडाळून, दोऱ्याने हलके बांधून, कोमट पाण्यात मऊ कपड्यांच्या साबणात वीस मिनिटं. चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. पॉलिएस्टरच्या कापडाला वरून कडक ठेवणारा लेप असतो, तो मोडला की पट्टी लुळी पडते. फक्त पाण्यात वर-खाली. पहिलं पाणी चहासारखं झालं, दुसरं निवळ. गच्चीच्या दोरीवर उलगडून टांगल्या आणि ओलसर असतानाच परत आकड्यांत अडकवून चकत्या घातल्या. वजनाने त्या सरळ वाळल्या, इस्त्री लागली नाही.

गुलालाच्या डागावर गार पाणी आणि साबण दोनदा. गरम पाणी मुद्दाम टाळलं, पिठाची खळ होते. फराटे फिके झाले, गेले नाहीत. क्रमांक टाकले होतेच, त्या दोन पट्ट्या शेवटच्या दोन आकड्यांवर नेल्या, जिथे ब्लाइंड उघडल्यावर सगळ्या पट्ट्या गोळा होतात. आता कोणाला दिसत नाहीत. मला माहीत आहे, बस.

मंगळवार, १८ मार्च

स्वयंपाकघर. इथे आठवडाभर जपलेला नियम, आधी कोरडं आणि मग ओलं, चालला नाही. कोरड्या ब्रशने चिकट थर नुसता सरकतो आणि ब्रशच खराब होतो. फोडणीची आणि तळणीची तेलकट वाफ वर जाते, थंड पट्टीवर बसते, तिच्यावर धूळ, परत तेल. हवेतल्या ऑक्सिजनने तेल हळूहळू घट्ट होत जातं. जवसाच्या तेलाचं वॉर्निश होतं तीच जातकुळी. आमच्याकडे लोणचं आणि पुऱ्या मोहरीच्या तेलात, या भागात ते चालतंच, आणि खिडकी शेगडीपासून हातभर अंतरावर.

सकाळी धाकट्या जाऊबाईंचा फोन होता. त्या म्हणाल्या, "वहिनी, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावा, असा फेस येतो की सगळं निघतं." मी त्यांना सांगितलं, फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात आणि खाली उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे कामाचे आहेत, एकत्र केले की दोन्ही वाया. आणि घरात कोणी व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करत असेल तर त्यांना आजच थांबवा, त्यातून क्लोरीन वायू निघतो, हेही बजावलं.

दाल बाजारातून धुण्याचा सोडा आणला होता, तुपकट भांड्यांना तो उत्तम. आधी वाकड्या पट्टीच्या तुकड्यावर. गरम पाण्यात चमचाभर सोडा, त्यात तुकडा बुडवला. कापलेल्या कडेला, जिथे रंग नाही आणि धातू उघडा आहे, तिथून बारीक बुडबुडे येऊ लागले आणि थोड्या वेळाने कड काळपट. रंगाची चमकही उतरली. अ‍ॅल्युमिनियमला तीव्र अल्क सोसत नाही, बुडबुडे हायड्रोजनचे. ब्लाइंडच्या दोरीसाठी जिथे भोकं पाडलेली असतात तिथेही धातू उघडाच असतो. सोडा परत डब्यात गेला.

शेवटी साधं भांड्यांचं लिक्विड कामाला आलं. बोट सोसवेल इतक्या गरम पाण्यात दोन चमचे. फडकं बुडवून पिळायचं, पाच-सहा पट्ट्यांवर अंथरल्यासारखं दाबून ठेवायचं, शंभर आकडे मोजायचे. थर मऊ होतो. मग पुसायचं, पाणी बदलायचं, परत. दोऱ्यांभोवती जुना दात घासायचा ब्रश. घासणी किंवा भांड्यांची पावडर अजिबात नाही, रंगावर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी मळ त्याच ओरखड्यांत पहिला बसतो. भिंतीकडची बाजू हाताला येत नव्हती, तिथे पोळीचा चिमटा घेतला, त्याच्या दोन्ही पात्यांना फडकं गुंडाळून रबर लावलं.

बादली सात वेळा ओतली. वेळ तीन तास दहा मिनिटं. खाली पट्ट्यांचा खरा रंग फिकट पिस्ता निघाला. मी गेली चार वर्षं तो पिवळा समजत होते.

शुक्रवार, २१ मार्च

सासऱ्यांची खोली. आज धुण्यासाठी बसले होते आणि धुतलं नाही, त्याचं कारण नीट लिहून ठेवते.

पहिल्या दिवशीच्या तुकड्यावरची पांढरी भुकटी डोक्यातून जात नव्हती. आज पट्टी जवळून पाहिली. दक्षिणेचं ऊन तीस वर्षं खाऊन प्लास्टिक पिवळं आणि ठिसूळ झालं आहे, टोकं नखाने तुटतात. भुकटी बाहेरून येऊन बसलेली नाही, पट्टीच झिजून सुटते आहे. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलं होतं, की बाहेरून आयात केलेल्या काही व्हायनिल मिनी ब्लाइंड्समध्ये प्लास्टिक टिकावं म्हणून शिसं घातलेलं आढळलं. ऊन आणि उष्णतेने प्लास्टिक विरतं आणि शिशाची धूळ पट्टीवर येते. लहान मुलं पट्टीला हात लावतात आणि हात तोंडात घालतात. धुऊनही उपयोग नाही, कारण थर खालून येतच राहतो. आपल्याकडे पीव्हीसीच्या, म्हणजे याच व्हायनिल प्लास्टिकच्या, पाइपांतल्या शिशासाठी नियम आले ते २०२१ मध्ये.

आमच्या ब्लाइंडमध्ये शिसं आहे की नाही हे घरबसल्या डोळ्यांनी कळणार नाही. पण सासऱ्यांच्या हातचा असला तरी चौदा महिन्यांच्या पोरीच्या पाळण्याशेजारी तो राहणार नाही. ह्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग स्वतःच स्टूल घेऊन आले.

इथे पद्धत पूर्ण उलटी. झटकायचं नाही, ब्रश नाही, व्हॅक्यूमही नाही, कारण साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. दार लावून घेतलं, पंखा बंद, हातमोजे, नाकाला मास्क. ब्लाइंड जागेवरच ओल्या फडक्याने दाबून घेतला, मिटवला, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि मगच खाली उतरवला. चौकट आणि फरशी साबणाच्या ओल्या फडक्याने दोनदा. फडकी त्याच पिशवीत. सकाळी कचरागाडी आली तेव्हा त्या माणसाला वेगळं सांगून, हातात देऊन, ते कशाचं आहे ते समजावलं. भंगारवाल्याला दिलं नाही. त्यांच्याकडे प्लास्टिक कधी जाळलं जातं, आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडची झोंबरी, विषारी वाफ निघते.

खिडकीला आता आईंच्या जुन्या सुती लुगड्याचा पडदा. दर आठवड्याला मशिनमध्ये टाकता येतो.

रविवार, २३ मार्च

चिक. आई सकाळी आठलाच ओसरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"पाणी आणलंस का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. मी म्हटलं, थोडं, रिठ्याचं. "ते नंतर. आधी ह्याला झोपू दे."

दोन्ही चिक दोऱ्या सोडून खाली घेतले आणि अंगणात चादरीवर पालथे घातले, अस्तर वर. आईंनी वेताची बारीक छडी दिली. मागच्या बाजूने हलक्या हाताने, गादी झाडतात तसं, पण काडीवर आडवं न मारता दोऱ्याच्या ओळींच्या मधे. फटका दोऱ्यावर बसला तर दोरा तुटतो आणि एक दोरा तुटला की काड्यांची रांगच ढिली पडते. चादरीवर चहाच्या दोन कपांइतकी माती पडली, तांबूस, रवाळ. हॉलच्या राखाडी धुळीहून वेगळी, ही अंगणातून आणि रस्त्यावरून वाऱ्याने आलेली.

मग काथ्याचा कुंचा, काडीच्या लांबीने. आडवा फिरवला तर कुंच्याचे केस काड्यांत अडकतात आणि बांबूचे तुसे उभे राहतात. आई बसल्या जागेवरून बघत होत्या आणि माझा हात तिरपा झाला की टोकत होत्या. त्यांचं ऐंशीचं वय, पण नजर काडीवर.

एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिवळी भुकटी दिसली. भुंगा. बांबूतल्या स्टार्चसाठी तो येतो. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून तेवढ्याच आठ-दहा काड्यांना ब्रशने लावलं, बांबूवर हाच उपाय करतात. वाळेपर्यंत चिक दूर ठेवला, आणि नात असेपर्यंत तो कोपरा वरच गुंडाळलेला राहील.

सगळ्यात शेवटी रिठ्याचं पाणी. रात्री भिजवलेले रिठे सकाळी उकळून गाळले होते. फडकं इतकं पिळायचं की थेंब पडता कामा नये, कारण बांबू पाणी पितो, मग बुरशी धरते, आणि निळ्या अस्तराचा रंग काड्यांवर उतरतो. पुसून लगेच ओसरीच्याच सावलीत वाऱ्यावर टांगले. कडक उन्हात बांबू तडकतो, असं आई म्हणाल्या, आणि डावीकडच्या चिकाची एक तडकलेली काडी दाखवली. ती वीस वर्षांपूर्वी त्यांनीच उन्हात ठेवल्यामुळे तडकली होती. त्यांना तारीख आठवत नव्हती, काडी आठवत होती.

दुपारी चिक खाली सोडला तेव्हा काड्यांमधून उन्हाच्या रेघा जमिनीवर पडल्या, बारीक, एकसारख्या. चार-पाच वर्षांत त्या इतक्या स्वच्छ पडल्या नव्हत्या.

शनिवार, २९ मार्च

काल सगळे पोचले. त्याआधी गुरुवारी दोऱ्यांचं काम केलं, ते साफसफाईत येत नाही पण पट्ट्या हाताळल्या नसत्या तर लक्षातही आलं नसतं. आडव्या ब्लाइंड्सच्या ओढायच्या दोऱ्या आणि हॉलच्या ब्लाइंडची मण्यांची साखळी लहान मुलाच्या गळ्याच्या उंचीवर लोंबत होती. अशा फासात मुलं अडकून दगावली आहेत. लोहिया बाजारातून दोरी गुंडाळायचे हुक आणून भिंतीत माझ्या खांद्याच्या वर ठोकले, दोऱ्या त्यांच्यावर आठच्या आकड्यात गुंडाळल्या. दोरीच्या टोकाला गाठ मारून केलेला फास कापून दोन टोकं मोकळी केली. पाळणा आणि स्टूल खिडकीपासून लांब.

सकाळी नात हॉलच्या खिडकीशी उभी राहून उभ्या पट्ट्यांत तोंड खुपसत होती. मी तिला थांबवलं नाही.

शुक्रवार, २३ मे

काल संध्याकाळी मोसमातली पहिली मोठी आंधी. सहाच्या सुमारास पश्चिमेला आकाश तांबूस झालं, आम्ही पळत खिडक्या लावल्या, पट्ट्या मिटवल्या, चिक गुंडाळून बांधले. उजवीकडचा चिक बांधेपर्यंत वाऱ्याने दोनदा आपटला. मग वीज गेली.

आज सकाळी आमच्या खोलीतले दोन्ही ब्लाइंड जागेवरच, नुसते कोरडे, मिळून सोळा मिनिटं. हॉल दहा मिनिटं. मार्चमध्ये धुतल्यावर शेवटच्या पाण्यात कपड्यांचं सॉफ्टनर झाकणभर घातलं होतं, त्यामुळे की काय, कापडाला धूळ चिकटत नाही, ब्रशने लगेच सुटते. सॉफ्टनरने कोरड्या हवेत कापडावर साचणारी वीज कमी होते, आणि धूळ खेचणारी तीच.

स्वयंपाकघरात दर रविवारी पाच मिनिटं फडकं फिरवते, आंधीची धूळ असूनही तुकडा फक्त फिकट तपकिरी निघाला, पिवळा नाही. नवे चार तुकडे जुन्यांशेजारी वहीत टाचले. सासऱ्यांच्या खोलीचा तुकडा नाही, पडदा मशिनमध्ये आहे.

उजव्या चिकाचा खालून तिसरा दोरा सुटला आहे, पंधरा-वीस काड्या लोंबताहेत. मी ओवायला घेतला तर आई म्हणाल्या, ठेव, ती गाठ तुला यायची नाही, मी करते. दोरा दौलतगंजातून आणला आहे. त्यांचा चष्मा मात्र जुना झालाय, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तोवर चिक गुंडाळूनच राहील.